उन्हाच्या कढत पाण्याचा मागोवा
घरगुती पाणी उन्हावर तापवण्याचा व्यापारी इतिहास 1891 पासून सांगता येतो. त्या वर्षी बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी काचेखाली काळ्या टाक्या मांडलेल्या 'क्लायमॅक्स' हीटरचे पेटंट घेतले, परंतु त्यातील पाणी रात्रीतून निवून जाई. ही उणीव विल्यम बेली यांनी 1909 मध्ये कॅलिफोर्नियात दूर केली. ऊन शोषणारा संग्राहक त्यांनी टाकीपासून वेगळा केला आणि उष्णतारोधक वेष्टन असलेली टाकी त्याच्याहून उंच बसवली, त्यामुळे तापून हलके झालेले पाणी आपोआप वर चढे, गार पाणी खाली उतरे आणि अभिसरणासाठी पंप लागतच नसे. महाराष्ट्रातील गच्च्यांवरचे बहुतेक घरगुती सोलर आजही याच तत्त्वावर चालतात, इतकी ती रचना मुळातच समर्थ होती.

तरीही या यंत्राचे भवितव्य त्याच्या गुणांपेक्षा इतर इंधनांच्या भावावर ठरत गेले. 1920 च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरात नैसर्गिक वायू विपुल मिळू लागताच तेथील मागणी ओसरली. फ्लोरिडात बहरलेला धंदा दुसऱ्या महायुद्धात तांब्यावर निर्बंध आल्याने खुंटला. इंधनाची चणचण सोसणाऱ्या इस्रायलने मात्र 1980 मध्ये नव्या घरांसाठी असे हीटर कायद्याने बंधनकारक केले.

महाराष्ट्रात लाकडावरचा तांब्याचा बंब जाऊन विजेचा गीझर आला आणि मग सोलर. पुणे महापालिकेने त्यासाठी मिळकतकरात सवलतही दिली. अडचण झाली ती उंच इमारतींची, कारण तेथे गच्ची सामाईक आणि नळ लांब असतो व ऊन पाणी येईपर्यंत बरेच गार पाणी वाहून जाते.

हीट पंपाचे महत्त्व येथे कळते. तो उष्णता निर्माण करत नाही, तर फ्रिजप्रमाणे शीतकद्रव्य फिरवून हवेतील उष्णता पाण्यात आणतो, म्हणून एका युनिट विजेवर साधारण तीन युनिट उष्णता मिळते. जपानमध्ये 2001 पासून 'इको क्यूट' या नावाने असे घरगुती संच विकले जात आहेत. शंभर लिटर पाणी 20 वरून 60 अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास गीझरला सुमारे 4.7 युनिट लागतात, तर हीट पंपाला दीड ते पावणेदोन. सौर पॅनेल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलते खरे, पण ती वीज हीट पंपाने तिप्पट फळाला आणली की गच्चीच्या त्याच चौरस फुटांतून चांगल्या संग्राहकाच्या तोडीची उष्णता निघते. शिवाय वीज तारेने जात असल्याने टाकी न्हाणीघरालगत ठेवता येते आणि पाणी पुरेसे तापल्यावर उरलेली वीज इतर कामी येते. एवढ्यावरून संग्राहक कालबाह्य ठरवणे मात्र घाईचे होईल. ज्या बैठ्या घराची गच्ची स्वतःची आणि नळ आखूड आहे, तेथे बेलींची बिनपंपाची मांडणी अजूनही अधिक सोपी आणि बहुधा अधिक स्वस्त पडते.