आकड्यांची गाळणी

भारतातील पहिले एफ. एम. प्रक्षेपण १९७७ साली मद्रासला सुरू झाले. त्याच शहरातील, म्हणजे आजच्या चेन्नईतील, अण्णा नगरात एखादा विद्यार्थी गच्चीवर आकाशक उभारून नभोवाणी संगणकावर ऐकू शकतो. छोटा ग्राही लहरींची कंप्रता खाली उतरवून सेकंदास सुमारे २४ लक्ष नमुने संगणकाकडे धाडतो. एका स्थानकास त्यांचा दशांश पुरतो. तेव्हा दर दहावा नमुना ठेवून बाकीचे टाकावेत, असे नवशिक्यास वाटते. आणि येथेच तो फसतो. चित्रपटात धावत्या रथाची चाके उलटी फिरताना दिसतात, कारण दोन चित्रांच्या दरम्यान चाक बरेच फिरून गेलेले असते. तद्वतच विरळ नमुन्यांत शेजारची स्थानके खोट्या कंप्रतेने अवतरून हव्या स्थानकात मिसळतात. मग ती निवडून काढता येत नाहीत. म्हणून नमुने टाकण्यापूर्वी गाळणी हवी. ही गाळणी म्हणजे लगतच्या नमुन्यांना योग्य भार देऊन केलेली बेरीज. जुन्या रेडिओत स्थानके वेगळी करण्याचे काम तारेची वेटोळी व धारित्रे करीत.