उत्तराची वाट आणि तक्रारीची वाट

संगणकाशी बोलण्याची एक जुनी रीत अशी आहे की, पडद्यावरील चित्रांना हात न लावता आज्ञा अक्षरांनी टंकावी आणि उत्तरही अक्षरांनीच घ्यावे. लिनक्ससारख्या प्रणालीत ती आजही नांदते आहे. या रीतीत प्रत्येक प्रोग्रॅमला जन्मतःच तीन वाटा मिळतात. शून्य क्रमांकाच्या वाटेने सामग्री आत येते, एक क्रमांकाच्या वाटेने उत्तर बाहेर पडते, आणि दोन क्रमांकाच्या वाटेने तक्रार: फाईल सापडली नाही, परवानगी नाही, जागा उरली नाही. बाहेरच्या दोन्ही वाटा सामान्यतः एकाच पडद्यावर येऊन मिळतात. त्यामुळे त्या दोन आहेत हे नवख्याच्या ध्यानातही येत नाही.

प्रारंभी त्या दोन नव्हत्याच. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत, १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा आरंभ केला. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये तीत 'पाइप' आला, म्हणजे एका प्रोग्रॅमचे उत्तर थेट दुसऱ्याच्या मुखात सोडण्याची सोय झाली. तोवर तक्रार उत्तरातच मिसळत असे. वाचणारा माणूस असला तर तो हसून पुढे जाई. परंतु ओळी मोजणारा प्रोग्रॅम तक्रारीचीही एक ओळ इमानाने मोजून मोकळा होई.

खरी चीड आणली ती छपाईने. तेथील स्टीव्ह जॉन्सन यांनी ही हकिगत सांगून ठेवली आहे. प्रयोगशाळेत प्रकाशाच्या साह्याने अक्षरजुळणी करणारे यंत्र आले होते. त्यातून निघालेली कागदाची लांब पट्टी दुर्गंधी रसायनांच्या दुसऱ्या यंत्रात घालून काही मिनिटे वाट पाहावी, तेव्हा कोठे अक्षरे उमटत. एका दुपारी अनेकांची सारखीच फजिती झाली. एवढा खटाटोप करून पट्टीवर सुबक टायपात एकच ओळ उमटली: फाईल उघडता येत नाही! कुरकुर योग्य कानांवर गेली. युनिक्सची सहावी आवृत्ती १९७५ ची. तिच्यानंतर लवकरच रिची यांनी तक्रारीसाठी स्वतंत्र वाट काढून दिली. तिचेच नाव 'स्टँडर्ड एरर'. पुढे आणखी एक शिष्टाचार रूढ झाला. पाइपने जोडलेल्या चार-पाच प्रोग्रॅमांपैकी कण्हतो कोण, हे कळावे म्हणून तक्रार करणाऱ्याने आधी आपले नाव सांगावे.

वाट वळविण्याचे साधन म्हणजे गणितातले 'पेक्षा मोठे' हे चिन्ह. ते नुसते लिहिले तर उत्तर फाईलीत जाते आणि तक्रार पडद्यावरच राहते. चिन्हाला चिकटून आधी २ लिहिला तर तक्रार वळते. तिला 'नल' नावाच्या तळ नसलेल्या जागी धाडले, तर ती कायमची नाहीशी होते.

ही सोय मला एकदा भोवली. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी सर्व तुकड्यांच्या फाईली एकत्र करून, अकारविल्हे लावून एक यादी करावयाची होती. एका परिचिताने लिहून दिलेली आज्ञा मी अर्थ न जाणता उतरवून घेतली होती, आणि तीत तक्रारी 'नल'कडे धाडलेल्या होत्या. आठवी ब च्या फाईलीचे नाव मी चुकीचे टंकले. संगणकाने तसे सांगितलेही असणार. पण ऐकावयास कोण होते? यादी नेटकी निघाली आणि फलकावर लागली. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील येऊन म्हणाले, "सर, आमच्या पोरीचं नाव कसं नाही?" पाहतो तो संपूर्ण आठवी ब गळालेली! मुदतीचे दोन दिवस उरले होते, म्हणून निभावले.

प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे यश, अन्य काही म्हणजे अपयश. तो पाहिला असता तरी मी फसलो असतो. पाइपमध्ये सामान्यतः शेवटच्या प्रोग्रॅमचाच आकडा हाती येतो, आणि यादी लावणाऱ्या त्या शेवटच्या प्रोग्रॅमने आपले काम चोख केले होते.

दोन्ही वाटा एकाच फाईलीत न्यावयाच्या असतील तर क्रमाकडे लक्ष द्यावे. "दोनाला एक जेथे जातो तेथे पाठव" हे २>&१ असे लिहितात, आणि आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचली जाते. हे फाईलीच्या नावाआधी लिहिले तर त्या क्षणी एक अजून पडद्याकडेच जात असतो. म्हणून तक्रार पडद्यावर राहते आणि फाईलीत फक्त उत्तर पडते. नावानंतर लिहिले तर दोन्ही फाईलीत जातात. तरीही ओळींच्या क्रमावर विसंबू नये. उत्तर बहुधा साठवून एकदम सोडले जाते, तक्रार तत्काळ बाहेर पडते, आणि मग आधीचे मागे, मागचे पुढे असे होते.

मी आता तक्रारी वेगळ्या फाईलीत ठेवतो आणि यादी फलकावर लावण्यापूर्वी ती उघडून वाचतो. ती रिकामी नसली म्हणजे काम बिघडलेच असे नाही. जाळ्यावरून फाईल उतरवून घेणारा 'कर्ल' आपली प्रगतीही याच वाटेने कळवीत असतो.