स्त्रियांचे दालन आणि ते उभारणारी

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील नार्वे येथे सप्तकोटेश्वराच्या देवळाला एक शिलालेख आहे. १६६८ साली शिवाजी महाराजांनी या देवळाचे काम सुरू करवल्याची नोंद त्यात आहे. चिरे घडवणाऱ्यांची नावे नाहीत. वास्तू कोणी बांधवली हे लक्षात राहते, कोणी बांधली हे विरते. प्रदर्शनाच्या इमारतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण ती राहण्यासाठी नसते. आपण जगाला कसे दिसावे, हे सांगण्यासाठीच ती उभारतात. अशा इमारतीने स्त्रीचा गौरव करणे आणि ती घडवण्याचा अधिकार स्त्रीला देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात स्त्रियांचे स्वतंत्र दालन होते. पैसा स्त्रियांनी उभा केला, आराखडा मात्र हर्मन श्वार्झमन यांचा होता. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी ही उणीव भरून काढायचे ठरले. फक्त स्त्रियांसाठी घेतलेली स्पर्धा १८९१ मध्ये बाविशीतल्या सोफिया हेडनने जिंकली. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेतून आदल्याच वर्षी वास्तुकलेची पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. तिने इटालियन प्रबोधनकालीन शैलीत सुमारे ३८८ फूट लांब, १९९ फूट रुंद अशी डौलदार इमारत रेखली. बक्षीस मिळाले हजार डॉलर. इतर मोठ्या इमारतींच्या पुरुष वास्तुविशारदांचे मानधन याच्या सुमारे दहापट होते. पुढे प्रदर्शनाच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा बर्था पामर यांनी ठिकठिकाणच्या स्त्रियांकडून शोभेच्या वस्तू मागवल्या. त्या वस्तूंनी वास्तूचा एकसंधपणा मोडेल, म्हणून हेडनने विरोध केला. अखेर अंतर्गत सजावट कँडेस व्हीलर यांच्याकडे गेली. हेडन आजारी पडली, तेव्हा व्यवसायातील एका नियतकालिकाने स्त्रिया या कामाला पुरतील का, अशी शंका छापली. समीक्षकांनी इमारतीत नाजूकपणा आणि संकोच शोधला. इमारतीकडे इमारत म्हणून पाहिलेच गेले नाही. प्रदर्शनानंतर ती पाडली गेली आणि हेडनने पुन्हा दुसरी इमारत उभारली नाही.

यावर कोणी म्हणेल, की नार्व्याचा पाथरवटही अनामच राहिला. मग तक्रार स्त्रियांचीच का? पण पाथरवटाच्या कामाला निदान बांधकाम म्हणत होते, त्याचा धंदा पुढे चालू राहिला. उलट पेडणे-डिचोलीतील मातीच्या घरांत भिंती लिंपणे, जमीन चोपून घट्ट करणे, चवथीआधी सारवण करणे ही कामे बायकांच्या हातची. घर टिकते ते या दरवर्षीच्या निगेवर; तरीही त्याची गणना घरकामात होते, बांधकामात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्त्रियांपुरती स्पर्धा नसती, तर हेडनला एवढी मोठी इमारत मिळाली असती का? बहुधा नाही. प्रतीकाने दार उघडले, हे मान्यच करायला हवे. मात्र त्याच प्रतीकाने तिच्या प्रत्येक रेषेला समस्त स्त्रीजातीची परीक्षा बनवले. पुरुषाची इमारत फसली तर एक इमारत फसते. तिच्या आजारपणावरून सगळ्याच स्त्रियांचा निकाल लावला गेला.

म्हणून सन्मानाची कसोटी दालनाच्या नावात शोधू नये. निर्णय कोणाचा चालला, मोबदला बरोबरीचा होता का आणि पुढचे काम मिळाले का, हे विचारावे. पेरिन मिस्त्री यांनी १९३६ मध्ये मुंबईच्या जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेतली आणि त्या वडिलांच्या फर्ममध्ये भागीदार झाल्या. त्यांना एकामागून एक कामे करता आली, म्हणून कोणत्याही एका इमारतीवर सगळ्या स्त्रियांचा भार पडला नाही. गोव्यात १९८२ पासून वास्तुकला महाविद्यालय आहे आणि तिथून शिकून मुली या व्यवसायात येत आहेत. त्यांना महिला दिनाची दालने सजवायला बोलावणे सोपे आहे. शाळा, बाजार, बसस्थानक, संग्रहालय अशी साधी सार्वजनिक कामे पूर्ण अधिकार आणि पूर्ण मानधन देऊन त्यांच्या हाती सोपवणे हाच खरा गौरव, आणि त्यासाठी कोणत्याही प्रदर्शनाची वाट पाहण्याचे कारण नाही.