गळाची दोरी : तंगूस घ्यावा की विणलेला धागा?

कापडाच्या दुकानात गळाच्या दोरीची चौकशी कशी, असे कोणी विचारील. पण नांदुऱ्यासारख्या बाजारात धाग्याचे काहीही लागले की गिऱ्हाईक आधी कापडवाल्याला गाठते. गावाजवळून ज्ञानगंगा वाहते, उत्तरेला पूर्णा आहे, मोताळ्याकडे नळगंगेचे धरण आहे आणि तालुक्यातच पूर्णेवर जिगाव प्रकल्प उभा राहत आहे. तेव्हा हा माल ठेवणाऱ्याला त्याची पारख हवीच.

पूर्वी सुती दोरी चाले. सूत ओले झाले की उलट मजबूत होते, पण लवकर कुजते. १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या वॅलेस कॅरदर्स यांनी नायलॉन तयार केले आणि पुढे त्याच्या एकेरी तारेने, म्हणजे आपल्या तंगूसाने, सुताला मागे टाकले. तंगूस ताणला जातो. पुष्कळांना हा दोष वाटतो, आमच्या मते तोच त्याचा गुण. कटला किंवा रोहू हिसका मारतो तेव्हा तो ताण दोरी सोसते, गळ तोंडातून निसटत नाही. मात्र पाणी पिऊन त्याची थोडी ताकद कमी होते आणि उन्हाने तो कडक पडून तुटतो. दुकानाच्या दारात शोभेला रिळे टांगणारे व्यापारी आपलाच माल खराब करतात!

विणलेला पॉलिथिलीनचा धागा तेवढ्याच जाडीत कितीतरी अधिक वजन पेलतो आणि जवळजवळ ताणत नाही. पण किंमत फार, गाठ सरकते आणि हाताने ओढणाऱ्याचा तळवा चिरतो. तो चाकाच्या छडीवाल्यांसाठी ठीक. फ्लोरोकार्बनची तारीफ अशी की पाण्यात तो माशाला सहसा दिसत नाही. पूर्णेच्या गढूळ पाण्यात त्याचे पैसे कशाला मोजावे?

माल ओळखायचा असेल तर तुकडा ग्लासातल्या पाण्यात पूर्ण बुडवून सोडावा. पॉलिथिलीन वर येते, नायलॉन तळाला जाते. जाडीचाही हिशेब ध्यानात ठेवावा. ०.३० मिलिमीटरपेक्षा ०.४० मिलिमीटरच्या तंगूसात माल पावणेदोन पट असतो; ताकदही साधारण त्याच प्रमाणात वाढते. हाताच्या गळाला आम्ही ०.४० चाच तंगूस सुचवतो.

एक गोष्ट व्यापारी बांधवांनी विशेष सांभाळावी. संक्रांतीच्या आधी पोरे हाच तंगूस पतंगासाठी मागू लागतात. नायलॉन मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली. त्याने पाखरे मरतात, मोटारसायकलवाल्यांचे गळे कापले जातात. चार पैशांसाठी असा माल देऊन पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढणे कोणत्या धंद्यात बसते? त्या दिवसांत सुती दोऱ्याची रिळे समोर मांडावीत आणि तंगूस मागच्या फळीवर, सावलीत ठेवावा.