बारावीनंतरच्या वाटा (भाग ७) : माणूस मोजायचा कसा?

मानसशास्त्र घेतो म्हटलं की घरातून दोन प्रश्न येतात. पोटापाण्याचं काय? आणि मग काय, ठाण्याला नोकरी करणार? ‘ठाण्याला’ म्हणजे १९०१ पासून चालू असलेल्या मनोरुग्णालयात, हे शहापूर-मुरबाडात कुणाला फोडून सांगावं लागत नाही. पहिल्या प्रश्नाकडे नंतर येऊ. आधी हा विषय शिकवतो काय, ते पाहू.

पहिल्या वर्षाच्या पुस्तकात मनोरुग्ण फारसे भेटत नाहीत. मेंदू, संवेदना, स्मरण, शिकण्याची प्रक्रिया, भावना, प्रेरणा अशी प्रकरणं असतात. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा विषय प्रयोगांवर उभा आहे. भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग सुरू केला. प्रयोग आले की आकडे आले, आणि आकड्यांमागून संख्याशास्त्र. आर्ट्स घेतलं म्हणजे गणित सुटलं असं समजणाऱ्यांनी हे आधीच ऐकून ठेवलेलं बरं.

प्रयोगवहीत बहुधा म्यूलर-लायर यांचा दृष्टिभ्रम असतो. सारख्याच लांबीच्या दोन रेघा. एकीच्या टोकांचे पंख आत वळलेले, दुसरीचे बाहेर फाकलेले. दुसरी लांब वाटते, आणि पट्टीने मोजून खात्री केली तरी लांबच वाटत राहते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी निलगिरीतल्या तोडा लोकांना अशाच रेघा दाखवल्या, तेव्हा त्यांची फसगत इंग्रजांपेक्षा कमी झाली. पुढे अनेक देशांत असेच फरक आढळले. त्यांचं कारण काय, यावर अजून वाद आहे. पण एक गोष्ट विद्यार्थ्याने पक्की धरावी : एका समाजात मिळालेला निष्कर्ष साऱ्या माणसांना लागू पडेलच असं नाही.

हे तत्त्व शहापूर-मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांत कुठे लागतं, ते बुद्धिमापनाच्या प्रकरणात कळतं. आल्फ्रेद बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसला पहिली बुद्धिमापन कसोटी तयार केली, ती शाळेत जास्त मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी. बुद्धी जन्मभर एकाच आकड्यात बांधून टाकायला खुद्द बिनेंचा विरोध होता. ही कसोटी अमेरिकेत गेली, आणि तिथल्या आवृत्तीवरून व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी ‘बिने-कामत’ कसोटी रचली. तिच्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं. परदेशी प्रश्नांचं नुसतं भाषांतर करून भागत नाही. इथल्या मुलांकडून ते सोडवून घेऊन कोणत्या वयाला काय जमतं हे नव्याने ठरवावं लागतं. कामतांनी हे काम केलं, म्हणून त्यांचं नाव आजही घेतलं जातं.

आता एक कातकरी मुलगा डोळ्यांसमोर आणा. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मुलगा त्यांच्याबरोबर असतो. घरी कातकरी बोली, आश्रमशाळेत पुस्तकी मराठी. चौथीत त्याला वाचता येत नाही, आणि शेरा पडतो ‘मंद’. हा मंदपणा आहे, अध्ययन अक्षमता आहे, कमी ऐकू येतंय, की सहा-सहा महिने शाळाच बुडाली आहे? चारही शक्यतांवरचे उपाय वेगवेगळे. कसोटीतून येणारा आकडा एकटा हे सांगू शकत नाही. त्यासाठी वाडीवर जाऊन आईशी बोलावं लागतं, कान तपासून घ्यावे लागतात, मुलाला त्याच्या बोलीत प्रश्न समजावून मग पाहावं लागतं. मानसशास्त्रज्ञाच्या कामाचा मोठा भाग हा असा आहे. समोरच्याच्या मनातलं ओळखण्याची विद्या कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवली जात नाही.

या क्षेत्रातल्या पाट्यांचा गोंधळ मोठा, म्हणून हिशोब नीट समजून घ्या. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर. औषध तो देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ कसोट्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशक शाळा, संस्था, कंपनीत काम करतो. या नावाची पाटी लावण्यावर फारसं बंधन नसल्याने, समोरच्याचं शिक्षण विचारून घेणं आपल्याच हातात राहतं. नुसत्या बीएवर यातलं कोणतंही काम रीतसर करता येत नाही. पुढे एमए, आणि चिकित्सेच्या वाटेने जायचं तर परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम. एम.फिल.ची जुनी पद्धत बंद होत असून नवे अभ्यासक्रम येत आहेत, त्यामुळे फी भरण्याआधी कॉलेजचं नाव परिषदेच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहा.

दुसरी सूचना मुरबाडकरांसाठी जास्त महत्त्वाची. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले आहेत. घरी बसून पदवी मिळवण्याचा मार्ग नव्या विद्यार्थ्याला उरलेला नाही. आसनगाव, खर्डीच्या मुलांना निदान लोकल आहे. मुरबाडला अजून रेल्वे नाही, एसटीने कल्याण गाठावं लागतं. प्रवेश ठरवताना जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळही धरा. विषय झेपेल का हे आजमावायचं असेल, तर बालभारतीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं मराठीत आहेत. आधी ती वाचा.

पोटापाण्याचं खरं उत्तर असं : शिक्षण लांबलचक, आणि सुरुवातीचा पगार बेताचा. कामाला मात्र तोटा नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरवला, आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत फुकट सल्ला मिळतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. पण डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या पोरीला फीट आली तर अजूनही अनेक घरांत ‘बाहेरचं’ म्हणून आधी भगताला बोलावतात. त्या घरात शहरातल्या पाहुण्या तज्ज्ञाचं चटकन ऐकलं जाणार नाही. ठाकरी किंवा कातकरी बोलणाऱ्या, भगताचा अपमान न करता पोरीला दवाखान्यापर्यंत नेणाऱ्या, इथल्याच शिकलेल्या मुलीचं ऐकलं जाईल. कसोट्याही तिच्यासारखीनेच इथल्या मुलांसाठी नव्याने बसवायला हव्यात. कामतांनंतरचं ते काम अजून पुष्कळ बाकी आहे.

पुढच्या भागात : समाजकार्याची पदवी आणि तिच्यावर मिळणाऱ्या नोकऱ्या.