पुंगळीची मान आकारणे

रायफलच्या काडतुसाची पितळी पुंगळी एकदा उडवल्यानंतर पुन्हा भरण्याजोगी करताना तिच्या तोंडाकडील अरुंद भागाचा व्यास कमी करून पूर्ववत करणे, या क्रियेस पुंगळीची मान आकारणे असे म्हणतात. नवी गोळी या मानेतच घट्ट बसते. त्यामुळे काडतूस पुन्हा भरण्याच्या कामातील ही एक मूलभूत पायरी आहे. नेमबाज स्वतःची काडतुसे स्वतः भरतात ही प्रथा मुख्यत्वे अमेरिकेत आणि युरोपातील काही देशांत रूढ आहे.

मान का फुगते

पुंगळी सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. दारू पेटताच आतील वायूंच्या दाबाने ती फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते. त्यामुळे वायू मागे नेमबाजाच्या तोंडाकडे न येता गोळीला पुढे ढकलतात. दाब ओसरताच पितळ किंचित आकसते व पुंगळी सहज बाहेर निघते. मात्र ते मूळ मापावर येत नाही. .३०८ विंचेस्टर या १९५२ साली बाजारात आलेल्या काडतुसाच्या गोळीचा व्यास ७.८२ मिलिमीटर असतो. उडवलेल्या पुंगळीच्या मानेत हीच गोळी बहुधा सैल पडते. तिला धरून ठेवण्यासाठी मानेचा आतील व्यास गोळीपेक्षा किंचित कमी, साधारणतः ०.०५ मिलिमीटरने लहान, ठेवला जातो.

पद्धती

पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, पुंगळी दाबून हे काम होते. पूर्ण आकारणीत धड, खांदा व मान असे सर्व भाग दाबले जातात. केवळ मान आकारताना धडाला हात लावला जात नाही. ते त्या विशिष्ट रायफलच्या चेंबरशी जुळलेलेच राहते. त्यामुळे पितळ कमी ताणले जाते. अशी पुंगळी दुसऱ्या रायफलीत बसेलच असे नाही. शिवाय काही वेळा उडवल्यावर धड इतके घट्ट होते की बोल्ट बंद करताना जोर लागतो, आणि मग पूर्ण आकारणी करावीच लागते. स्वयंभरण रायफलींसाठी व शिकारीच्या काडतुसांसाठी पूर्ण आकारणीच योग्य मानली जाते, कारण तेथे काडतूस विनाअडथळा चेंबरमध्ये शिरणे अधिक महत्त्वाचे असते. केवळ मान आकारल्याने नेम सुधारतो, हे मत एके काळी सर्वमान्य होते. आज अनेक अनुभवी स्पर्धक खांदा अगदी थोडा मागे सारून पूर्ण आकारणी करणेच पसंत करतात.

सामान्य डाय मानेला गरजेपेक्षा जास्त आवळतो आणि नंतर आतून ओढला जाणारा गोलक तिला पुन्हा रुंदावतो. या दुहेरी ओढाताणीत मान वाकडी होण्याचा संभव असतो. म्हणून काही डायमध्ये बदलता येणारी कडी बसवतात. भरलेल्या काडतुसाच्या मानेचे माप घेऊन त्याहून किंचित लहान कडे निवडले की मान हवी तेवढीच आवळली जाते. पूर्ण आकारणीपूर्वी पुंगळीला वंगण लावण्यास विसरल्यास ती डायमध्ये अशी अडकते की काढणे कठीण होते.

पितळेचे कडक होणे

पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर भांडे ठोकता ठोकता ते पुन्हा भट्टीत तापवतात, त्यामागील कारण येथेही लागू पडते. वारंवार दबल्याने व ताणल्याने धातू कडक व ठिसूळ होतो. प्रत्येक वेळी फुगणाऱ्या आणि आवळल्या जाणाऱ्या मानेला अखेर उभी चीर जाते. तापवून मऊ करण्याची क्रिया, म्हणजे अनुशीतन, हा त्यावरील उपाय होय. मात्र उष्णता मान व खांदा यांपुरतीच ठेवावी लागते. पुंगळीचे बूड मऊ झाल्यास ते दाब सोसू शकत नाही आणि नेमबाजाच्या जिवावर बेतू शकते.

या संदर्भात ब्रिटिशकालीन भारतातील एक घटना धातुविज्ञानात प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली लष्करी काडतुसे न उडवताच तडकत असत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि घडणीच्या वेळी पितळेत राहिलेला ताण यांचा तो एकत्रित परिणाम होता. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी याचा उलगडा केला. अनुशीतनाने हा ताण घालवता येतो. लष्करी काडतुसांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही या तापवण्याचीच खूण असते. तो डाग किंवा दोष नव्हे.

धोका

आकारताना खांदा फार मागे सारला गेला, तर काडतूस चेंबरमध्ये सैल बसते व उडताना बुडाजवळचे पितळ ताणून पातळ होते. पुढे तेथेच पुंगळीचे दोन तुकडे होतात. बुडाच्या वर बाहेरून चकाकणारे वलय दिसणे ही त्याची पूर्वसूचना होय. टोक वाकवलेली बारीक तार आत फिरवून पाहिल्यास तेथील खाच हाताला लागते. अशी पुंगळी टाकून देतात.

भारतातील स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार भारतात परवान्याविना दारूगोळा तयार करता येत नाही. ऑलिंपिकमधील रायफल स्पर्धांशी या क्रियेचा संबंध येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात ५.६ मिलिमीटरचे काडतूस वापरतात. त्याचे प्रज्वलक मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते आणि आघाताने ती कड चेपते. त्यामुळे ही पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही.