पऱ्हाटी केव्हा विकायची?

उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा शेवटचा वेचा संपला, की यवतमाळ जिल्ह्यात धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, गंजी लागतात. या गंजींपासून ‘पांढरा कोळसा’, म्हणजे ब्रिकेट, करा आणि कचऱ्यातून पैसा मिळवा, असा सल्ला शेतकऱ्याला आता सगळीकडून मिळतो. सल्ला वाईट नाही, हिशेब मात्र अर्धवट आहे. पऱ्हाटीत उष्णता किती, टनाला भाव किती, एवढेच त्यात धरलेले असते. ती शेतातून कोणत्या महिन्यात हलली हे कोणी विचारत नाही. माझ्या मते या इंधनाचे खरे मोल त्या महिन्यावर ठरते.

उष्णतेचे आधी उरकून घेऊ. पऱ्हाटी म्हणजे जवळजवळ लाकूडच. हेक्टरी दोन-तीन टन निघते आणि किलोमागे चार हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देते. याच जिल्ह्यातल्या वणीच्या खाणींतल्या दगडी कोळशापेक्षा तिची राख कितीतरी कमी. अडचण आकारमानाची आहे: ट्रॉली भरते, वजन भरत नाही. म्हणून तिचा भुगा करायचा, ओल दहा-बारा टक्क्यांवर आणायची आणि दट्ट्याच्या यंत्रात दाबायची. दाबाने आणि घर्षणाने भुगा तापतो, लाकडातले लिग्निन मऊ होते आणि तेच डिंकाचे काम करते. वरून काही मिसळावे लागत नाही. १९२४ साली मुंबईत स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या बोर्डांवर आणि ब्रिकेटवर बरेच काम केले आहे. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून २००२ चा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळवला. पाचट कारखान्याकडे वाहून नेण्यापेक्षा छोटी भट्टीच फडात न्यायची, हा त्या कामातला विचार मला पुरस्काराहून मोलाचा वाटतो. आधी कोळसा करून पाडलेल्या वड्या घरातल्या शेगडीत धुराविना जळतात. दट्ट्याची जाडजूड ब्रिकेट ही बॉयलरची वस्तू; चुलीत घातली तर घर धुराने भरते.

आता महिन्याचा मुद्दा. तो कळायला पऱ्हाटीत दडणाऱ्या एका किड्यापर्यंत मागे जावे लागते. १८४२ च्या सुमारास भडोचच्या सरकारी कापूस मळ्यांचे अधीक्षक डॉ. बार्न यांनी बोंडे पोखरणाऱ्या एका किड्याचे नमुने विलायतेला पाठवले. ते विल्यम विल्सन सॉन्डर्स यांच्या हाती पडले. हे गृहस्थ तरुणपणी कंपनी सरकारच्या लष्करी नोकरीत थोडा काळ हिंदुस्थानात होते, पुढे लॉइड्समध्ये विम्याच्या धंद्यात शिरले. किडे हा त्यांचा छंद. लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात, हिंदुस्थानातल्या कापसाचा नाश करणारा पतंग म्हणून त्यांनी त्याचे वर्णन छापले. ते टिपण जेमतेम दोन पानांचे, पानक्रमांक २८४ आणि २८५. गुलाबी बोंडअळीची शास्त्रीय नोंद तिथे सुरू होते. जोखमीचा धंदा करणाऱ्या माणसाने विदर्भाच्या सगळ्यात मोठ्या जोखमीचे बारसे करावे, हा योग गमतीचाच.

ही अळी पुढे इजिप्तमध्ये पोहोचली, बहुधा भारतातूनच गेलेल्या मालाबरोबर. तिथला फेल्लाह, म्हणजे गरीब शेतकरी, पऱ्हाटी घराच्या धाब्यावर रचून वर्षभर जाळणारा. वाळक्या बोंडांत आणि एकमेकांना चिकटवलेल्या सरकीच्या जोडदाण्यांत अळी झोप काढते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन उडते. म्हणजे घरचे सरपण हेच किडीचे कोठार. तिथल्या सरकारने पऱ्हाटी वेळेत उपटण्याचे आणि बोंडे काढून नष्ट करण्याचे कायदे केले. शंभर वर्षांपूर्वीचे तिथले धाबे आणि आपल्या धुऱ्यावरची गंज यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आपल्याकडे २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा आला, आणि अळीने दोन्ही पचवले. २०१७ च्या हंगामात यवतमाळात न उमलणाऱ्या डोमकळ्यांपासून डागाळलेल्या कवडी कापसापर्यंत सगळे पाहून झाले. फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले तेही त्याच वर्षी. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, अमेरिकेने ही अळी आपल्या कापूसपट्ट्यातून हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तिथे बीटी होते, वंध्य पतंग सोडले होते, शिवाय ठरल्या तारखेच्या आत पऱ्हाटी गाडण्याची सक्ती होती. आपण बियाणे आणले, तारीख आणली नाही.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, अळी जिनिंगमधल्या सरकीत आणि घरात साठवलेल्या कापसातही राहते, मग एकट्या पऱ्हाटीला दोष का? बरोबर आहे, तिथेही बंदोबस्त हवा. पण म्हणून धुऱ्यावरचे कोठार मोकळे सोडावे असे होत नाही. दुसरा, काडी मातीतच गेली पाहिजे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आणि श्रेडर आहे त्याने ती जरूर बारीक करून गाडावी. पाला आणि बारीक मुळे तशीही शेतात राहतात. यंत्राविना मात्र हे लाकूड लवकर कुजत नाही आणि शेवटी काडी ओढून धुऱ्यावरच टाकली जाते. तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: पऱ्हाटी कारखान्याला गेली तर चुलीत काय घालायचे? उज्ज्वलाचा सिलिंडर भरायला पैसे नसले की बाया जंगलाकडे वळतात, आणि वाघांच्या टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास त्याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. म्हणून गावाच्या वाट्याची पऱ्हाटी गावातच राहावी, पण बोंडे झाडून, बारीक करून; जमल्यास वड्या पाडून.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेले कापसाचे पीक, मोडायला शेतकरी तयार होत नाही, कारण शेवटच्या वेच्याचे चार पैसे दिसतात आणि उपटण्याची मजुरी अंगावर येते. त्याला अडाणी ठरवणारी भाषणे मला पटत नाहीत; त्याला वेळेवर भाव हवा. २०२१ पासून केंद्राच्या धोरणाने औष्णिक केंद्रांना कोळशात काडीकचऱ्याचे पेलेट मिसळायला लावले आहे, म्हणजे गिऱ्हाईक तयार आहे. त्या गिऱ्हाइकाला मे महिन्यातली, अळी उडून गेलेली गंज विकण्यात जिल्ह्याचा काडीचाही फायदा नाही. कारखान्याला वर्षभर माल हवा असेल तर त्याने तो भुग्याच्या रूपात साठवावा. जानेवारीअखेर पोहोचलेल्या पऱ्हाटीला चढा भाव, फेब्रुवारीत उतरता, मार्चनंतर खरेदी बंद, अशी अट कृषी विभागाने आणि ऊर्जा खात्याने मिळून घालावी. आणि ते दर दिवाळीच्या आत जाहीर करावेत, म्हणजे फरदड ठेवायची की नाही याचा हिशेब शेतकऱ्याला वेळेवर करता येईल.